बोटातला ळ, तोंडातला ळ

सर, हे पत्र मी टाइप करत नाही, बोलते आहे. फोन हातात धरलाय, त्यावरच्या माइकच्या चित्राला बोट लावलं की तो ऐकायला लागतो आणि मी बोलेन ते अक्षरांत उमटवत जातो. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, त्यामुळे हा चमत्कार तुम्ही पाहिला नाहीत. पाहिला असतात तर काय म्हणाला असतात ते मात्र मला पक्कं ठाऊक आहे. चष्मा कपाळावर चढवला असतात आणि म्हणाला असतात, "मंग बोटं कायले देली खुदानं? भजे खायाले?"

खरंच तसं झालंय. माझी बोटं आता भजी खाण्यापुरतीच उरली आहेत, आणि तीही डाव्या हाताची. ते कसं झालं ते सांगतेच, पण आधी तुमच्या त्या पुढच्या खोलीत एकदा जाऊन येऊ द्या. गेले चार दिवस मी मनानं तिथेच आहे.

मंगरूळपीरला तुमच्या घराची रस्त्याकडची खोली म्हणजे टायपिंग क्लास. सहा मशिनी, त्यातल्या चार मराठीच्या. शेजारच्या पडवीत तुमचे धाकटे भाऊ सुतारकाम करायचे. इकडे आमची खटखट, तिकडे त्यांची ठोकठोक, आणि मधल्या दारातून चाचींच्या, म्हणजे तुमच्या बेगमच्या, स्वयंपाकघरातला कांदा परतल्याचा वास. साडेदहाच्या बॅचला तो वास अगदी ऐन भुकेच्या वेळी यायचा आणि माझा वेग पाच-सहा शब्दांनी खाली यायचा. तुम्ही म्हणायचात, "बेटा, नाकानं टाइप नोको करू." आमचा मळा गावाबाहेर, ओढ्याच्या अंगाला. बाबा सकाळी भाजीची टोपली सायकलच्या मागे बांधायचे, मला पुढच्या दांडीवर बसवायचे आणि बाजारात जाता जाता तुमच्या दारात उतरवायचे. सतरा वर्षांची घोडी दांडीवर बसते म्हणून गल्लीतले लोक हसायचे. पण मी उंचीला इतकी बेताची, की दांडीवर मावायची.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला सगळ्यांसमोर रडवलंत, आठवतं? तुम्ही अर्ज सांगत होतात. नेहमी सांगायचात तसाच, हनुवटी वर करून, एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ. घरात उर्दू, गल्लीत आमच्यासारखीच वऱ्हाडी, पण मजकूर सांगायला लागलात की तुमच्या तोंडून अशी मराठी निघायची की आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंनी उभं राहून ऐकावी. आमच्या हातांवर पंचा टाकलेला, कळ बघायची नाही. तुम्ही सांगत होतात, "अर्जदाराचा मळा तळ्याजवळ असून विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असते." मी तो मजकूर आधी मनातल्या मनात माझ्या तोंडानं म्हणत होते आणि बोटं तोंडाचं ऐकत होती. तुम्ही कागद उपसलात, चष्मा लावलात आणि जसंच्या तसं मोठ्यानं वाचलंत, "अर्जदाराचा मया तयाजवय असून विहिरीले उन्हायातही पानी असते."

सगळी बॅच हसली. पलीकडच्या पडवीतली ठोकठोकही थांबली, म्हणजे तुमचे भाऊही हसत असणार. माझे डोळे भरले. तुम्ही कागद टेबलावर ठेवलात आणि त्या सगळ्यांकडे वळून म्हणालात, "हासू नका बे. तुमच्या समद्याइच्या घरी मयाच हाय. ही खरी बोलली, तुमी चोरून बोलता." मग माझ्याजवळ येऊन हळूच, "पोरी, तोंडात ळ नसला तं चालते. बोटात पाह्यजे. तोंडातला ळ कोन पाह्यते? कागदावरचा साहेब पाह्यते."

मी रडतच विचारलं, "पन सर, तुमच्या तोंडात तं हाय."

तुम्ही हसलात. म्हणालात, "मले बी नव्हता. मी लहानपनी मंगरूल म्हनो. ज्या गावात जन्मलो त्याचं नाव मले धड घेता ये नाही. अम्मीच्या जुबानीत ळ नाही, अन गल्लीत सारे य म्हनत. मंग ळ येईन कुठून? रेडिओच्या बातम्या ऐकू ऐकू, जीभ वर वळवू वळवू आनला. मले तोंडात आनाले सहा वर्सं लागले. तुले बोटात आनाले सहा दिवस देतो."

आमच्या मशीनवर ळ साठी शिफ्ट दाबून धरावी लागायची, आणि शिफ्ट म्हणजे करंगळीचं काम. माझ्या करंगळीत जोर कुठला? अर्धवट दाब पडायचा आणि ळ ओळ सोडून वर लोंबकळायचा. तुम्ही ओरडायचात, "करंगळीनं दाब!" मी म्हणायची, "करंगयीनंच दाबून राह्यली सर!" त्यावर तुम्ही डोक्याला हात लावून आत चाचींना सांगायला जायचात आणि आतून चाचींचं हसू ऐकू यायचं.

दुसऱ्या दिवशी बाबा मला सोडायला आले तेव्हा तुम्ही त्यांना थांबवलंत. सायकलवरची टोपली खाली उतरवायला लावलीत. बाबांना वाटलं मास्तरांना भाजी हवी आहे, ते बिचारे घाईनं मेथीच्या जुड्या निवडायला लागले. तुम्ही मात्र टोपलीत वाकून नुसते बघत होतात आणि बोटानं मोजल्यासारखं करत होतात. मग आत येऊन माझ्या मशीनवर स्वतः एक ओळ टाइप केलीत: मुळा भोपळा कोहळा वाळूक केळी. म्हणालात, "तुया बापाच्या टोपल्यात एवढे ळ हाय, अन तू मया मया करते? रोज सकायी ही ओळ शंभर खेप." 'सकायी' म्हणालात हो तुम्ही! मजकूर सांगताना एक ळ न चुकवणारा माणूस, माझ्याशी बोलताना बिनधास्त 'सकायी' म्हणाला. मी तेव्हा ते पकडलं होतं, पण बोलायची हिंमत झाली नाही. आज बोलून घेते.

शंभर वेळा मुळा भोपळा. माझं बोट बाबांच्या टोपलीवरून फिरून यायचं. सहा दिवसांत नाही, पण अठरा दिवसांत माझ्या करंगळीत ळ आला. तोंडात तो आला नाहीच, आणि कुणाला त्याची गरजही पडली नाही.

आणि तुमचं दुसरं पालुपद, "पाठ सरळ!" खुर्चीवर बसलं की माझे पाय जमिनीला टेकायचे नाहीत, लोंबकळायचे, आणि पाय लोंबकळले की पाठ वाकायची. तुम्ही माझ्यामागून जाताना दर वेळी पट्टीनं खुर्चीच्या पाठीवर टकटक करायचात. "पाय लोंबले का पाठ वाकते, पाठ वाकली का ओळ वाकते." एके दिवशी मी आले तर माझ्या टेबलाखाली नवाकोरा लाकडी पाट. तुमच्या भावांकडून माझ्या मापाचा करून घेतला होतात. रंधा मारलेल्या सागवानाचा वास अजून त्याला होता. मी पाय ठेवले, पाठ आपोआप ताठ झाली. तुम्ही लांबूनच बघितलंत आणि दुसऱ्या पोराच्या मशीनकडे वळलात. पुढे मी परीक्षा पास झाले, मानोऱ्याला तहसीलसमोर कडुनिंबाखाली टेबल टाकायचं ठरलं, तेव्हा तुम्ही तो पाट स्वतः उचलून बाबांच्या सायकलला बांधलात. चाचींनी डबाभर शीरखुर्मा दिला होता, तो वाटेत सांडला आणि पाटाला लागला. आजही पावसाळ्यात त्या लाकडाला मुंग्या लागतात, आणि मला आनंद होतो.

तीस वर्षांहून जास्त झाली त्या टेबलाला. मशीन गेलं, संगणक आला, छोटा प्रिंटर आला. कडुनिंब आणि पाट तेच आहेत. तांड्यावरचे लोक येतात, इंझोरीचे येतात, कामाला बाहेरगावी जाऊन परत आलेले येतात. रेशनकार्डात नाव घालायचं, कुणाचं नाव चुकलंय, कुणाला दाखला हवाय. ते त्यांच्या बोलीत सांगतात आणि मी तुमच्या बोलीत टाइप करते. ते 'मले' म्हणतात, माझी बोटं 'मला' लिहितात. ते 'डोया' म्हणतात, करंगळी आपसूक शिफ्टवर जाते. मध्ये तोंड येतच नाही. एक म्हातारी एकदा म्हणाली होती, "बाई, मी बोल्ली एवढुसं, अन तुमी केलं केवढं! म्याच बोल्ली का हे?" मी म्हटलं, "तुमीच बोल्ल्या माय. माह्या बोटानं बोल्ल्या."

तर त्या बोटांचं असं झालं. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी न्हाणीघराच्या ओल्या पायरीवरून पाय सटकला आणि उजव्या मनगटावर पडले. प्लास्टर निघालं, पण बोटं काही मिटेनात. डाव्या हाताच्या सांध्यांनी तर आधीच संप पुकारला होता. डॉक्टरांनी हात इकडून तिकडे वळवून पाहिला आणि म्हणाले, चहाचा कप धरता येईल, टायपिंग विसरा. मी घरी येऊन कप धरून पाहिला. धरता आला. पण कप धरायला कोण मला मानोऱ्याच्या तहसीलसमोर बसवून घेणार?

दोन महिने टेबल पालथं पडून होतं. घरातले सगळे म्हणाले, आता पुरे, आराम कर. आराम म्हणजे काय ते मला कुणी शिकवलं नाही सर. तुम्ही शिकवलं नाहीत, बाबांनी नाही. माझं नाव गावात 'टायपिंगवाली बाई'. टायपिंग गेलं तर मागे नुसती बाई उरते, आणि तशा बायका गावात पुष्कळ आहेत. मी वरून हसत होते, पण टेबल गेलं तर आपण गेलो, असंच वाटत होतं.

मग एका दुपारी सून म्हणाली, "आई, बोलून टाइप करा नं. फोन लिहिते आपोआप." तिनं माइक दाखवला. मी फोनला घाबरतच म्हणाले, "मले एक अर्ज कराचा हाय." फोननं लिहिलं, 'मळे एक अर्ज कराचा आहे.' सर, तुम्हाला सांगते, मी पोट धरून हसले. आयुष्यभर ज्या ळ साठी मी रडले, तो या पठ्ठ्यानं न मागता दिला! आणि जिथे हवा तिथे काही देईना. 'आभाय' म्हटलं की 'अभय' लिहायचा. आळशी म्हणायला 'आयशी' म्हटलं की 'ऐंशी'. 'का' ऐवजी 'काहून' म्हटलं की 'कानून'. सून म्हणाली, हळू बोला. मी हळू बोलले, तर त्यानं हळूहळू चुका केल्या.

तरी मी टेबल सरळ केलं. फोनवर बोलायचं, सुनेनं प्रिंटरला जोडून दिलं होतं, कागद बाहेर. साधे साधे अर्ज जमून गेले, कारण नेहमीचा मजकूर आधीच साठवलेला होता आणि मला नावापुरतंच बोलावं लागायचं. तिसऱ्या दिवशी इंझोरीचे एक म्हातारे बाबा आले. डोळ्यावर हिरवी पट्टी. डोळ्याच्या ऑपरेशनमुळे हयातीच्या दाखल्याला हजर राहता आलं नाही, मुदत वाढवून द्या, असा अर्ज हवा होता. त्यांची निराधाराची पेन्शन त्यावर अडलेली. मी फोनवर बोलले, कागद निघाला, माझा चष्मा घरी राहिलेला, आणि मागे रांग. मी न वाचता दिला. तुम्ही शिकवलेलं पहिलं कलम मोडलं, वाचल्याशिवाय कागद हातावेगळा करायचा नाही.

दहा मिनिटांत बाबा हसत परत आले. आतल्या बाबूंनी अर्ज मोठ्यानं वाचला होता. 'माझ्या डाव्या सोयाचे ऑपरेशन झाल्यामुळे'. आमच्याकडे जिकडे तिकडे सोयाबीन, बाबू म्हणाले होते, "बाबा, सोयाचं ऑपरेशन नसते, काढनी असते!" आतलं सगळं ऑफिस हसलं होतं. रांगेतलेही हसले. बाबा स्वतः सगळ्यात जास्त हसले, पट्टीवर हात ठेवून, "माही काढनी झाली, माय!" मी पण हसायला हवं होतं. मला मात्र ती बॅच आठवली. कागद उपसून वाचलेला, मया तयाजवय. तेव्हा सतरा वर्षांची होते, आता पन्नाशी उलटली आणि पुन्हा तिथेच. फरक एवढाच, की 'हासू नका बे' म्हणणारं कुणी नव्हतं.

मी बाबांना म्हटलं, "बाबा, उद्या या. दुसरीकडून करून देतो. माहं टेबल आता बंदच समजा."

त्यांचं हसू गेलं. म्हणाले, "असं काहून बाई? मंग आमचं बोलनं सरकारी कोन करन?"

घरी येऊन मी ओसरीवर फोन घेऊन बसले. सरकारी कोण करणार? बोटं करत होती, ती गेली. उरलं तोंड, आणि तोंडात ळ नाही. तुम्ही म्हणाला होतात की तोंडातला ळ कुणी बघत नाही. सर, ती एक गोष्ट तुम्ही चुकलात. बघणारा आला, हा फोन, आणि त्याला बाकी काहीच दिसत नाही, फक्त तोंडच दिसतं.

मग मला माझ्या बाबांची भाजीची टोपली आठवली. माइक लावला आणि म्हणाले, "मुया भोपया कोहया वायूक केयी." फोननं लिहिलं, 'मुलाला भूक लागली की.' परत म्हणाले. 'मूग या बापाला.' परत म्हणाले. त्यानं 'मुंबई' लिहिलं आणि गप्प झाला. मी त्याला दोन शिव्या घातल्या, त्या मात्र त्यानं एकही चूक न करता लिहिल्या.

मग मी डोळे मिटले आणि तुम्हाला समोर उभं केलं. हनुवटी कशी वर जायची. तीन शब्द झाले की कसे थांबायचात. ळ यायच्या आधी तुमची जीभ कशी मागे वळायची, क्षणभर टाळूला टेकायची आणि मग सुटायची. पंच्याखालच्या हातांकडे बघायची मनाई होती, म्हणून मी सगळा वेळ तुमच्या तोंडाकडेच बघत बसलेली असायची. वेगळं शिकवलं नाहीत, पण दिसत होतं सगळं. मी माझा आवाज बाजूला ठेवला आणि तुमचा घेतला. अगदी नक्कल. मधल्या सुट्टीत पोरं करायची तशी. "मुळा. भोपळा. कोहळा. वाळूक. केळी."

फोननं लिहिलं: मुळा भोपळा कोहळा वाळूक केळी.

मी अशी किंचाळले सर, की सून कणकेच्या हातानं धावत आली. तिला वाटलं मी परत पडले. मी तिला फोन दाखवला. ती बघून म्हणाली, "भाजीची यादी हाय. काय आनाचं हाय यातलं?" मी तिला मिठी मारली, माझ्या साडीला कणीक लागली, आणि आम्ही दोघी खूप वेळ हसत होतो. मग मी बसून शंभर वेळा म्हटलं. मोजून. सत्तरच्या पुढे जीभ दुखायला लागली, तेव्हा मला बरंच वाटलं. करंगळीही अशीच दुखली होती.

दुसऱ्या दिवशी इंझोरीचे बाबा आले. मी पाटावर पाय ठेवले, फोन समोर उभा केला, हनुवटी वर केली आणि बोलायला लागले, "महोदय, मी खाली सही करणार, माझ्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यामुळे." बाबांनी पट्टी नसलेला डोळा मोठा केला. "बाई, तुमी काहून रेडिओवानी बोलून राह्यल्या? बरं हाय नं?" रांगेतली माणसं पुढे सरकली. मी थांबले नाही. "वेळेवर हजर राहू शकलो नाही. तरी मुदत वाढवून मिळावी." कागद निघाला. या वेळी चष्मा होता. मी वाचला, मग बाबांना वाचून दाखवला. डोळा होता, वेळ होती, मिळावी होतं. सगळे ळ ओळीत, एकही लोंबकळत नव्हता.

बाबा आत गेले. मी रांगेतल्या पुढच्याचं काम हातात घेतलं, पण माझा जीव त्या दारात. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात शिक्का मारलेली पोच होती. म्हणाले, "बाबूनं वाचलं, अन काहीच बोल्ला नाही!" सर, तीस वर्षांत माझ्या कामाची याहून मोठी तारीफ कुणी केली नाही.

तेव्हापासून टेबल चालू आहे. लोकांना तर आता गंमतच वाटते. काम नसलेली माणसंही चहा घेऊन कडुनिंबाखाली उभी राहतात, बाई फोनशी 'सायबी' बोलते ते ऐकायला. अनसिंगची एक सासुरवाशीण तर म्हणाली, "बाई, माह्या सासूले बी अशाच बोलीत एक फोन लावून द्या नं, लय घाबरन." घरी मात्र मी माझंच बोलते. डोया, केयी, सकायी. पण सवय मधेच दगा देते. परवा ह्यांना म्हटलं, "जेवायला वाढू का प्रश्नचिन्ह." हे ताटावरून वर बघत म्हणाले, "आता मले बी टाइप करून राह्यली का?" आमच्या फोनला विरामचिन्हं सांगून कळत नाहीत, तो तसाच 'पूर्णविराम' असा शब्द लिहून टाकतो, हे मला माहीत आहे, पण तुम्ही मजकूर सांगताना म्हणायचात म्हणून माझ्याही तोंडून जातंच. या पत्रातले असे पूर्णविराम मी मागून डाव्या हाताच्या एका बोटानं एकेक करून पुसते आणि तिथे टिंब देते, आणि त्यानं बिघडवलेले आपल्या बोलीतले शब्दही तसेच दुरुस्त करते. म्हणून चार दिवस लागलेत.

एक गोष्ट राहिली. ती सांगायची म्हणून तर हे पत्र सुरू केलं.

तुमच्या शेवटच्या आजारपणात मी आले होते. अर्धं अंग गेलेलं, बोलणं पूर्ण बंद. इतकी स्वच्छ मराठी बोलणाऱ्या माणसाचं बोलणं बंद, हे मला बघवेना. चाचींनी पलंगाजवळ बुटकं स्टूल दिलं, त्यावर मी गुडघ्यात मान घालून रडत बसले. तुमचा डावा हात गादीवर हलत होता. चाची म्हणाल्या, हात थरथरतो, दिवसभर असाच चालतो. मी बघितलं, आणि माझं रडणं थांबलं. तो हात थरथरत नव्हता. करंगळी आधी दाबून धरलेली, मग तर्जनी उठून खाली. शिफ्ट. अशी करंगळी दाबून थरथर कोण करतं? तुम्ही टाइप करत होतात. शेवटचं अक्षर मला आधी कळलं, तो ळ होता. मग मी तुमच्या बोटांबरोबर माझी बोटं गादीवर ठेवली आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीत. एका हातानं दोन्ही हातांच्या कळा, त्यामुळे वेळ लागला, पण मला अक्षर न अक्षर कळलं. चाची माझा खांदा हलवून विचारत होत्या, "क्या बोल रहे? कुछ बोल रहे क्या?" आणि तुमच्या एका बाजूच्या ओठात, मी शपथेवर सांगते, हसू होतं.

मी त्यांना सांगितलं, "सर म्हनते, समदे खूश राहा. चाचीले लय दुवा देऊन राह्यले." चाची पदरात तोंड घालून रडल्या आणि नंतर वर्षानुवर्षं ते सगळ्यांना सांगत राहिल्या. आता त्याही गेल्या, तेव्हा तुमची त्यांच्याशी गाठ पडली असेल आणि माझं बिंग फुटलं असेल. मला माफ करा. तुम्ही तसं काही म्हणाला नव्हतात. बुटक्या स्टुलावर पोक काढून बसलेल्या मला बघून तुम्ही म्हणाला होतात, "पाठ सरळ."

हे दोन शब्द आता बोलताना मला धाकधूक होती. गेले चार दिवस दुसरं सगळं नीट येतंय, पण इथे आले की आवाज भरून येतो, तुमची नक्कल सुटते आणि माझंच तोंड बोलून जातं. काल फोननं 'पाट सर या' लिहिलं, आणि मी ते बराच वेळ पुसलं नाही. आज मी नक्कल केली नाही. माझ्याच आवाजात, रडता रडता, जसं येईल तसं म्हणाले. फोननं लिहिलंय: पाठ सरळ.

खाली पाठवायचा बाण दिसतोय. तुमचा नंबर कुठला लावू? राहू दे तसंच. आणि रागावू नका, पण खरं सांगते सर, चारही दिवस हे पत्र मी लोडाला रेलून, पाय पसरून बोलत होते. ते दोन शब्द उमटलेले दिसले, तेव्हा कुठे उठून नीट बसले.